बावीसच्या पाढ्यापलीकडचा जंजिरा
(प्रस्तावना)

मुरुडच्या जंजिऱ्यावर गेलेल्या माणसाला बावीसचा आकडा हमखास भेटतो. बावीस एकर जागा, बावीस बुरूज, बांधायला लागलेली बावीस वर्षे. होडी दरवाज्याच्या पायऱ्यांना लागायच्या आत गाइडने हा पाढा म्हणून टाकलेला असतो. मागोमाग ५७२ तोफा येतात, समुद्राच्या तळाखालून राजपुरीला निघणारे भुयार येते आणि शेवटी ‘हा किल्ला कोणालाच जिंकता आला नाही’ हे पालुपद येते. अभ्यासकांच्या मोजणीत बुरूज बहुधा एकोणीसच भरतात. पण गाइडला बोल लावण्यात अर्थ नाही. होडीवाल्याने दिलेल्या तेवढ्या वेळात, शाळेच्या सहलीच्या कलकलाटात, लोकांना जे ऐकायला आवडते ते तो सांगतो. खरी अडचण अशी, की शिकल्यासवरल्या मराठी वाचकाच्या मनातही जंजिरा एवढाच उरला आहे.

‘अजिंक्य’ हे बिरुद किल्ल्याच्या मुळावर आले आहे, अशी या पुस्तकाची भूमिका आहे. ऐकायला ती जरा चढी वाटेल. पण जिंकण्या-हरण्याच्या हिशेबात किल्ल्याची फक्त तटबंदी येते. आतले मोहल्ले, गोड्या पाण्याचे तलाव, मशिदी आणि वाडे त्यात बसत नाहीत. किनाऱ्यावरचे कोळी, खोकरीच्या कबरी आणि मुरुडच्या बाजारपेठेलाही त्या हिशेबात जागा नसते. आणि जे गोष्टीत नसते, त्याच्या डागडुजीसाठी कोणी अर्जही करत नाही.

नवख्या वाचकाने आधी डोळ्यासमोर नकाशा आणावा. राजपुरीची खाडी जिथे अरबी समुद्राला मिळते, त्या तोंडाशी खडकाळ बेटावर जंजिरा उभा आहे. समोर राजपुरी गाव, खाडीपलीकडे दिघी, उत्तरेला मुरुड. मुरुडच्या किनाऱ्यासमोर पाण्यात दुसरे बेट आहे, कासा. त्यावर शिवाजी महाराजांनी बांधवलेला पद्मदुर्ग. एकदरा आणि दंडा यांच्या बाजूला टेकडीवर सामराजगडाचे अवशेष. राजपुरीच्या वाटेवर खोकरीला सिद्दी सरदारांचे दगडी घुमट. मुरुडजवळ समुद्राकडे तोंड केलेला जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांचा अहमदगंज राजवाडा, १८८५ च्या सुमाराचा. एका दिवसात पायी आणि होडीने पाहून होईल एवढ्याच टापूत हे सगळे आहे. हा टापू एकत्र वाचला तरच जंजिऱ्याचा अर्थ लागतो.

इतिहासाची सुरुवात कोळ्यांपासून होते, आणि बहुतेक पुस्तके तिथे एक परिच्छेदही थांबत नाहीत. पंधराव्या शतकाच्या अखेरीस या बेटावर लाकडी ओंडके रोवून केलेला मेढेकोट होता. समुद्री लुटारूंपासून बचावासाठी तो कोळ्यांच्या राम पाटलाने उभारला, अशी परंपरा आहे. पुढे निजामशाहीतर्फे पिरमखान आला. तो व्यापाऱ्याच्या वेशात शिरला, त्याने दारूची पिंपे भेट दिली आणि पहारेकरी झिंगल्यावर कोट घेतला, अशी कथा गॅझेटियरपासून गावच्या ओट्यापर्यंत सगळीकडे ऐकू येते. कथेतली पिंपे खरी-खोटी कशीही असोत, एक गोष्ट तिच्यातून निसटता कामा नये. कधीच न जिंकलेला म्हणून मिरवणारा हा किल्ला मुळात एकदा घेतला गेला होता, आणि ज्यांच्याकडून घेतला त्यांचे वंशज आजही त्याच किनाऱ्यावर जाळी विणतात.

मग येतात सिद्दी. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून, विशेषतः हबसाणातून, गुलाम म्हणून किंवा सैनिक म्हणून दख्खनमध्ये आलेली ही माणसे. निजामशाहीचा कारभार पेलणारा मलिक अंबर याच वाटेने आलेला. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात सिद्दी अंबरापासून जंजिऱ्याची सत्ता स्थिरावत गेली. या सत्तेची एक रीत फार कमी वाचकांना माहीत असते. बराच काळ इथे बापानंतर मुलगा असा क्रम नव्हता. किल्ल्यातले सिद्दी सरदार आपल्यातल्या लायक माणसाला पुढे करत. घराण्यांच्या भाऊबंदकीने पोखरलेल्या त्या काळात एक छोटी सत्ता इतकी चिवट का ठरली, त्याचे उत्तर तटाच्या उंचीइतकेच या रीतीतही शोधावे लागेल.

शिवाजी महाराज आणि सिद्दी यांच्या झुंजीबद्दल मराठीत भरपूर लिहिले गेले आहे, म्हणून इथे दोनच प्रसंग पुरेत. १६७० च्या सुमारास किल्ल्याचा प्रमुख फत्तेखान महाराजांशी बोलणी करण्याच्या बेतात होता. त्याच्याच सरदारांनी त्याला बाजूला सारले आणि मोगलांची चाकरी धरली. १६७१ च्या होळीच्या रात्री सिद्दी कासमने मराठ्यांच्या ताब्यातल्या दंडा-राजपुरीवर हल्ला केला. दारूकोठाराचा स्फोट झाला आणि ठाणे गेले. तो स्फोट होताच दूर असलेले महाराज झोपेतून दचकून उठले आणि दंडा-राजपुरीवर काही अरिष्ट आले असे म्हणाले, असे खाफीखान लिहितो. इतक्या दुरून ते कसे कळले असेल याचा त्याने विचार केलेला दिसत नाही. पण शत्रूकडच्या लेखकालाही महाराजांचा जीव या खाडीत किती अडकला होता हे ठाऊक होते, एवढे त्यातून नक्की कळते.

दुसरा प्रसंग पद्मदुर्गाचा. जंजिरा घेता येत नाही तर त्याच्या नाकासमोर दुसरा जंजिरा उभा करायचा, असा तो डाव. बांधकाम सिद्दीच्या तोफांच्या धाकात चालले होते. १६७५ च्या जानेवारीत महाराजांनी प्रभावळीच्या सुभेदाराला, जिवाजी विनायकाला, रसद वेळेवर न पोहोचवल्याबद्दल लिहिलेले खरमरीत पत्र प्रसिद्ध आहे. ते पत्र सहसा कडक शिस्तीचा दाखला म्हणून वाचले जाते. या पुस्तकात ते बांधकामाचा कागद म्हणून वाचले आहे. बेटावर किल्ला बांधायचा म्हणजे पैसा, धान्य आणि माणसे यांचा पुरवठा दर्यातून सतत चालू ठेवायचा. त्याचा एक हप्ता चुकला तरी गवंडी बसून राहतो. पुढे मोरोपंतांच्या मोहिमेत लाय पाटील या कोळी म्होरक्याने रात्री जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावल्या. वर चढणारी फौज वेळेत पोहोचली नाही, आणि उजाडायच्या आत त्याला परतावे लागले. त्या शिड्या लावणारा माणूस कोळी होता, हेही लक्षात ठेवण्याजोगे.

१६८२ मध्ये संभाजी महाराजांनी खाडीचे पात्र दगडांनी बुजवून बेटापर्यंत वाट काढण्याचा घाट घातला. मोगली फौज कोकणात उतरल्याने तो अर्ध्यावर सोडावा लागला. १६८९ मध्ये सिद्दी याकूतखान मुंबईत उतरला आणि इंग्रजांना त्यांच्याच किल्ल्यात वर्षभराहून अधिक काळ कोंडून बसला. मुंबईच्या इतिहासात हा अध्याय घाईघाईने उरकला जातो. अठराव्या शतकात चिपळूणच्या परशुराम देवस्थानावर सिद्दी सात या सरदाराने केलेल्या हल्ल्याने पेशव्यांचे गुरू ब्रह्मेंद्रस्वामी दुखावले. श्रीवर्धनच्या भटांचे, म्हणजे पेशव्यांचे, सिद्दीशी जुने वैर होतेच. १७३३ मध्ये बाजीरावाने मोहीम काढली, १७३६ मध्ये चिमाजी अप्पाच्या हल्ल्यात सिद्दी सात पडला आणि तह झाला. किल्ला मात्र सिद्दीकडेच राहिला.

त्यानंतरची दोनशे वर्षे कोणी फारशी वाचत नाही, कारण त्यांत लढाई नाही. पण आज जे काही टिकले आहे, ते बरेचसे या काळातले आहे. नवाबांनी राजधानीचा व्यवहार हळूहळू मुरुडला आणला. काठेवाडातले जाफराबाद त्यांच्याच ताब्यात होते, म्हणजे या छोट्या संस्थानाचा एक पाय गुजरातच्या किनाऱ्यावर होता. १९४८ च्या जानेवारीत नानासाहेब पुरोहितांच्या पुढाकाराने संस्थानमुक्तीचा लढा झाला आणि मार्चमध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. तीनशे वर्षे शिड्यांना, तोफांना आणि दगडांच्या बांधाला न बधलेला किल्ला शेवटी प्रजेच्या चळवळीने आणि कागदावरच्या सहीने हाती आला.

आणि मग तो रिकामा झाला. तटाच्या आतली वस्ती किनाऱ्यावर सरकली. घराला माणूस नसेल तर कोकणातला पाऊस त्याचे काय करतो हे कोकणातल्या कोणालाही सांगावे लागत नाही. कौले सरकतात, वासे कुजतात, भिंतीवर वड-पिंपळ धरतो आणि मुळे दरजांत शिरतात. किल्ल्यातल्या सिद्दी सुरुलखानाच्या वाड्याचे उंच सांगाडे आज दिसतात तसे ते तोफगोळ्यांनी झालेले नाहीत.

या किल्ल्यावरच्या लेखनाचे ढोबळमानाने चार प्रवाह दिसतात. पहिला बखरींचा आणि पत्रांचा. सभासदापासून राजवाडे यांनी छापलेल्या साधनांपर्यंत इथे सिद्दी कायम पलीकडचा, घरालगतचा शत्रू आहे. दुसरा प्रवाह इंग्रजी दप्तराचा. कंपनीच्या पत्रव्यवहारात सिद्दीचे आरमार म्हणजे पावसाळ्यात मुंबईच्या बंदरात तळ ठोकणारी डोकेदुखी. १८८३ चे कुलाबा आणि जंजिरा गॅझेटियर याच परंपरेतले, पण त्याचे ऋण मोठे. दरवाजे, कबरी, शिलालेख, महसूल, जाती-जमाती अशी त्यातली नोंद अजून पायाभूत आहे. डी. आर. बनाजींचे ‘बॉम्बे अँड द सिदीज’ (१९३२) याच दप्तरावर उभे राहिले. तिसरा प्रवाह दुर्गभ्रमणाचा, गो. नी. दांडेकरांनी मराठी घरात रुजवलेला. गड पाहायचा तो पायाखाली घालून, ही त्याची शिकवण. त्याचा एकच उणेपणा: सह्याद्रीत तो जितका रमला तितका समुद्रात रमला नाही, आणि रमला तेव्हाही त्याच्या डोळ्यांपुढे मराठ्यांचा विजय किंवा हुलकावणीच होती. चौथा प्रवाह अलीकडचा, बहुतांशी इंग्रजीत. शांती सादिक अली यांचे दख्खनमधील आफ्रिकी लोकांवरचे पुस्तक किंवा रॉबिन्स आणि मॅक्लिऑड यांनी संपादित केलेला ‘आफ्रिकन एलीट्स इन इंडिया’ हा ग्रंथ जंजिऱ्याकडे हिंदी महासागराच्या बाजूने पाहतो. तिथे हा किल्ला आफ्रिकेबाहेर आफ्रिकी वंशाच्या लोकांनी चालवलेल्या राज्याची राजधानी म्हणून भेटतो.

या चारांची एकमेकांशी गाठ क्वचितच पडते. कोळ्यांचा स्वतंत्र प्रवाह तर यांत नाहीच. त्यांचा जंजिरा अजून गाण्यात, आडनावांत आणि होडीवरच्या गप्पांत आहे.

संरक्षणाचा इतिहास त्याहून तोकडा. लॉर्ड कर्झनच्या काळात, १९०४ मध्ये, प्राचीन स्मारकांचा कायदा झाला, पण तो ब्रिटिश मुलखाचा. संस्थानांत तो आपोआप लागू नव्हता. त्यामुळे जंजिऱ्याची देखभाल नवाबांच्या मर्जीवर आणि तिजोरीवर होती. स्वातंत्र्यानंतर १९५८ चा केंद्रीय कायदा आला. आज जंजिरा आणि खोकरीचे घुमट भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अखत्यारीत आहेत. २०१० च्या दुरुस्तीने स्मारकाभोवती १०० मीटर मनाई क्षेत्र आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र ठरवले. शहरातल्या देवळासाठी किंवा घाटावरच्या लेण्यासाठी हा नियम समजतो. बेटावरच्या किल्ल्याभोवती तीच रेघ ओढली की तिचा मोठा भाग पाण्यावर पडतो. ज्या किनाऱ्यावरून किल्ला दिसतो, ज्या किनाऱ्यासाठी तो बांधला, तो किनारा या रेघेच्या बाहेर. किनारा नियमन क्षेत्राचे नियम तिथे लागू आहेत, पण ते भरतीच्या रेषेचा विचार करतात, किल्ल्याच्या दर्शनाचा नाही.

फ्रान्सची तुलना इथे कामी येते. तिथे १८३४ मध्ये लेखक प्रॉस्पेर मेरिमे ऐतिहासिक स्मारकांचा महानिरीक्षक झाला आणि गावोगावच्या पडक्या गढ्या-चर्चची पाहणी करत फिरला. त्याच्या मागोमाग व्हिओले-ल-द्यूकने पिएरफोंचा उद्ध्वस्त किल्ला १८५७ पासून जवळजवळ नव्याने उभा केला. तो किल्ला कधी काळी जसा असेल त्याहूनही देखणा झाला, आणि म्हणूनच त्यावर आजतागायत वाद आहे. इंग्लंडमध्ये रस्किनने असल्या जीर्णोद्धाराला आधीच विरोध केला होता. पडके ते पडके म्हणून जपा, हे त्याचे म्हणणे. १९६४ च्या व्हेनिस सनदेने मधला मार्ग काढला: अटकळ सुरू झाली की काम थांबवायचे. भारतात जॉन मार्शलच्या १९२३ च्या नियमपुस्तिकेने साधारण हेच वळण लावून ठेवले होते. फ्रान्सने स्मारकाभोवती ५०० मीटरपर्यंतच्या बांधकामावर नजर ठेवण्याची तरतूद १९४३ मध्येच केली, आणि खेड्यातला किल्ला खासगी मालकीचा असला तरी मालकाला करसवलत देऊन तो लोकांसाठी खुला करवून घेण्याची पद्धत बसवली. मुरुडचा राजवाडा नवाबांच्या वारसांची खासगी मालमत्ता आहे. रस्त्यावरून जाणारा पर्यटक फाटकातून त्याचा फोटो काढतो आणि पुढे जातो. मालकाचा हक्क राखून अशी वास्तू कशी जपायची, यावर महाराष्ट्रात अजून धड चर्चाही झालेली नाही.

आता थोडे चुन्याविषयी, कारण पुस्तकाचा गाभा तिथे आहे. पद्मदुर्गाचा समुद्राकडचा तट जवळून पाहावा. लाटांच्या माऱ्याने दगड खोलवर झिजले आहेत, पण दोन दगडांमधला चुना जागच्या जागी आहे. दगड आत गेला आणि दरज बाहेर राहिली, त्यामुळे भिंतीवर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी उमटली आहे. तीनशे वर्षांपूर्वीच्या गवंड्याने चुना कसा मळला, किती दिवस भिजवला, त्यात काय घातले याबद्दल गूळ-शिशापासून अंड्यांपर्यंत वाटेल ते सांगितले जाते. प्रयोगशाळेत तपासलेले फार थोडे. पण तत्त्व साधे आहे. चुना ओल आत घेतो आणि बाहेर सोडतो. सिमेंट ओल अडवून धरते. खाऱ्या वाऱ्यात अडकलेली ओल वाळताना मिठाचे स्फटिक धरते आणि ते स्फटिक दगडाचा पापुद्रा उचकटतात. सिमेंटने भरलेली दरज टिकते आणि तिच्या शेजारचा दगड जातो. तोफांचेही असेच. लोखंडात शिरलेला क्षार वरून रंग फासल्याने निघत नाही. जंजिऱ्यावरच्या कलालबांगडी तोफेवर बसून फोटो काढणाऱ्या पोरांपेक्षा हा क्षार कितीतरी चिकाटीचा शत्रू आहे.

हे आत्ताच का, असे कोणी विचारील. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ जागतिक वारसा यादीत घेतला. बारा किल्ले, त्यांपैकी एक तमिळनाडूतला जिंजी. खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे जलदुर्ग त्यात आले. रायगड जिल्ह्यातलाच खांदेरी आला, जंजिरा आणि पद्मदुर्ग नाहीत. जंजिरा मराठ्यांचा नव्हता, तेव्हा त्या यादीत त्याची अपेक्षा धरणेही चूक. पण पैसा, पर्यटक आणि तज्ज्ञांचे लक्ष आता त्या बारांकडे वळणार हे उघड आहे. दरम्यान जंजिऱ्यावरची गर्दी काही कमी होत नाही. शनिवार-रविवारी राजपुरीच्या धक्क्यावर रांगा लागतात. दरवाज्याशी होडी हेलकावत असताना म्हाताऱ्या माणसांना हात धरून पायरीवर ओढून घ्यावे लागते. त्यावर उपाय म्हणून महाराष्ट्र सागरी मंडळाने किल्ल्याच्या मागच्या बाजूला जेट्टीचे काम हाती घेतले. सोय होईल हे खरेच. पण ज्या दरवाज्यासमोर होडी अगदी जवळ जाईपर्यंत तो दिसू नये अशी रचना केली, ज्याच्या भिंतीवर पंजांत हत्ती जखडलेला शरभ कोरला, त्या दरवाज्याने न जाता किल्ल्यात शिरणारा पर्यटक नेमके काय पाहणार, आणि शिडाच्या होडीवर पोट असलेल्या राजपुरीच्या खलाशांचे काय होणार, हे दोन्ही प्रश्न वारसा जतनाचेच आहेत. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने याच किनाऱ्यावरच्या सुपारीच्या बागा आडव्या केल्या, तेव्हा किनाऱ्याचे गणित बदलते आहे हेही लोकांना कळून चुकले.

सिद्दी वंशाचे लोक आज गुजरातेत आणि कर्नाटकात यल्लापूर-हल्याळच्या रानात मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकांचा जंजिऱ्याच्या नवाबांशी थेट संबंध नाही. तरी त्यांच्या तरुण पिढीला हा किल्ला आपला वाटू लागला तर त्यात नवल नाही. मराठी वाचकाने त्याला हरकत घेऊ नये. एका किल्ल्याला कोळी, सिद्दी, मराठे आणि मुरुडकर असे चार वारस असू शकतात, आणि चौघांनी भांडण न करता खर्चाची वाटणी केली तर तट जास्त टिकेल.

म्हणून या पुस्तकाने क्रम उलटा धरला आहे. सुरुवात किल्ल्यापासून होत नाही, खोकरीपासून होते. तिथे सिद्दी सुरुलखानाचा मोठा घुमट आणि शेजारी खैरियतखान व कासम या सरदारांच्या कबरी आहेत. अरबी लेख, दगडी जाळ्या, आणि भोवती सहसा चिटपाखरू नसते. तिथून राजपुरी, मग बेट, मग पद्मदुर्ग, शेवटी मुरुडची पेठ. मोहिमांची वर्णने मुद्दाम थोडक्यात आटोपली आहेत. चुना, पाणी, दप्तर आणि कायदा यांना मात्र पुष्कळ पाने दिली आहेत, त्यामुळे लढायांच्या आशेने उघडणाऱ्या वाचकाला मधला भाग रुक्ष वाटेल. तो ओलांडून जावे, कारण किल्ल्यातल्या दोन्ही तलावांविषयीचा मजकूर त्याच्या पुढे आहे आणि वेढ्यात किल्ला का तग धरून राहिला याचा उलगडा तिथे होतो. पावसाळ्यात किल्ला बंद असतो. तेव्हा पुस्तक घेऊन निघणाऱ्याने दिवाळीनंतरचा मुहूर्त धरावा, भरतीची वेळ राजपुरीतल्या खलाशाला विचारून घ्यावी, आणि होडीत बसण्यापूर्वी खोकरीला तासभर तरी काढावा.